डोहाळ्याचा मासा

घोडी एकटी परत आली तेव्हा मी अंगणात लोकर झोडत बसले होते.

आधी माझ्या ध्यानातच आलं नाही. ती फाटकातून आली, थेट शिंगराकडे गेली आणि शिंगरू तिला लुचायला लागलं. मी पाठमोरी होते. म्हटलं, "आलास का रे? लागला का मासा?" आणखी चार काठ्या मारल्या. "बहिरा झालास का?" म्हणत वळले, तर घोडी पोटापर्यंत ओली, खोगिरातून पाणी ठिबकतंय, तुटलेला लगाम पायात लोंबतोय आणि वर माणूस नाही.

माझ्या हातातली काठी खाली पडली. दारात रिकामं खोगीर घेऊन जनावर आलं की त्याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो.

"पेरिझात!" मी ओरडले. सून पिठाने भरलेल्या हातांनी दारात आली. तिने घोडीकडे बघितलं आणि उंबऱ्यावर मटकन बसली.

"बसतेस काय? काही झालेलं नाहीये," मी म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं ते अल्लालाच ठाऊक.

मग मी घोडीची कास बघितली. दूध नुसतं टपकत होतं. तिला विऊन महिनाही झाला नव्हता. चांगला घोडा आमचे म्हातारे मेंढरांबरोबर वरच्या कुरणात घेऊन गेले होते, म्हणून सकाळी माझ्या मुलाला, कुबातला, मीच म्हटलं की घोडी ने. शिंगरू मागे मागे येऊन थंड पाण्यात उतरेल, म्हणून ते माझ्याच हाताने दाव्याला बांधलं. पान्हा दाटला की घोडी दोर तोडून पिलाकडे धावणार, हे सांगायला का कोणी लागतं? माझा जन्म घोड्यांत गेला. पण घाई झाली होती ना मला! सगळी घाई मलाच झाली होती.

म्हणजे कुबात पाण्यात पडलाच असेल असं नव्हतं. घोडी सुटून आली असेल. पण मग तो नदीच्या मधल्या बेटावर पायी अडकला होता आणि दुपार कलली होती. आमची ताश-सू नदी या दिवसांत सकाळी गुडघ्याएवढी असते. वरचं बर्फ वितळून खाली आलं की दुपारनंतर तीच नदी दगड गडगडवत नेते. त्यातून दोन दिवस ऊन असं पडलं होतं की कुत्री सावलीला पळत होती.

मी शिंगराचं दावं सोडलं. आता ते बरोबर असलं तरच घोडी नदीकडे वळणार होती. तुटक्या लगामाला गाठ मारली, ओल्या खोगिरावर चढले आणि पेरिझातला बजावलं, "तू घरात थांब. पोटातल्या जिवाला जपायचंय. पाऊल बाहेर टाकलंस तर बघ."

फाटकाबाहेर पडून मागे बघितलं तर ही बाई झग्याला पीठ पुसत रस्त्याने पळत येत होती. लग्न होऊन आल्यापासून तिने माझा शब्द मोडला नव्हता. पहिल्यांदाच मोडला, तोही अशा वेळी!

आता हा मासा कुठून आला ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, मेंढ्या खाणाऱ्या लोकांना माशाचं वेड कशाला लागलं.

गेल्या वसंतात पेरिझात चौथ्या महिन्यात होती. कुबात रशियात, बांधकामावर. एका दुपारी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. मी तिला धरून बसले होते आणि कुबात फोनमध्ये होता. एवढासा चेहरा. "अपा, काय होतंय? अपा, ती बोलत का नाही?" म्हणून पोर आईला ओरडून विचारत होतं आणि मी फोन उशीखाली सारला. मूल गेलं. नंतर त्या दोघांनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही.

हिवाळ्यात तो घरी आला. पेरिझातला पुन्हा दिवस गेले. आणि मुकादमाचा फोन आला, की काम सुरू होतंय, गुरुवारच्या गाडीने नीघ. गावातल्या सगळ्यांची पोरं जातात, माझा जाणार नाही असं कसं? तरणाताठा माणूस चुलीपाशी बसलेला बघितला की शेजारणी काय म्हणतात ते मला माहीत आहे. मीच त्याची पिशवी भरायला घेतली.

तर त्याच आठवड्यात पेरिझातने ताट बाजूला सारलं. खाली मान घालून म्हणाली, "अपा, मला मासा खावासा वाटतोय."

"मासा?" मी म्हटलं. "जर्दाळू माग. रानकांदा माग. घोड्याचं काळीज माग. कुबातच्या वेळी मला रानबोकडाची कलेजी हवीशी झाली होती, ती तरी डोंगरात होती! आपल्या नदीत मासा आहे का बाई?"

नव्हताच. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात वरून चिखलाचा लोंढा आला, त्यात नदीतला मासा न् मासा गुदमरून मेला. तेव्हापासून ताश-सूत बेडूकसुद्धा दिसत नाही.

पण डोहाळे ते डोहाळे. आमच्या घराण्यात त्याची रीत आहे. बायकोला हवं ते नवऱ्याने स्वतः मिळवून आणायचं, दुसऱ्याने दिलेलं चालत नाही. आणि ते पुरवल्याशिवाय त्याने दूरच्या वाटेला लागायचं नाही. माझ्या सासूने आमच्या म्हाताऱ्यांना त्या कलेजीपायी हिमात पाठवलं होतं. इतर घरात काय करतात ते मला सांगू नका.

म्हणजे आता गुरुवार गाठायचा तर मासा हवा. मी शेरगाझीला फोन लावला.

शेरगाझी आमच्या म्हाताऱ्यांचा दोस्त. खिंडीपलीकडे त्याची ट्राउट माशांची तळी आहेत. दर वसंतात तो आसपासच्या नद्यांत मासे सोडतो, कारण मग राजधानीतून गळवाले येतात, त्याच्या पाहुणेघरात राहतात आणि पुलाखाली घडीच्या खुर्च्या टाकून दिवसभर पाण्याकडे बघत बसतात. यंदा आमच्या नदीतही सोडायचं त्याने ठरवलं होतं, पण जूनमध्ये.

"शेरगाझी, मासे आत्ताच सोड," मी म्हटलं.

"काय वहिनी, या वयात मासे खायला लागलात? दातांचं काही खरं दिसत नाही."

"माझे दात तुझ्यापेक्षा जास्त आहेत. सुनेला डोहाळे लागलेत."

"अरे वा! मग आणतोच. एक गाडी नाही, दोन आणतो. पण पहिला मुलगा झाला तर नाव माझं ठेवायचं."

"झिपऱ्या, आधी मासे तर आण."

काल तो आला. जुना, उंच चाकांचा लष्करी ट्रक, मागे निळी टाकी. पुलाजवळ त्याने जाड नळी सोडली आणि पाण्याबरोबर वीतभर, दीड वीत मासे धबाधबा नदीत पडले. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. माझ्या शेजारी पेरिझात उभी होती. तिचा चेहरा असा पडला की मला वाटलं, वासाने मळमळतंय. मी तिला म्हटलं, "बघ, तुझ्यासाठी नदी भरली. उद्या कुबात जाऊन घेऊन येतो." ती हो म्हणाली. हो सोडून ती कधी काय म्हणाली आहे?

पुलाखाली शहरवाल्यांची गर्दी, म्हणून कुबात आज पहाटे बेटावर गेला. बेटामागे पाणी संथ असतं, नवीन सोडलेला मासा प्रवाहाला कंटाळून तिथे येऊन थांबतो. एक मासा, फक्त एक. मला वाटलं होतं न्याहारीला परत येईल.

मी नदीवर पोचले आणि आधी काही दिसेना. गढूळ, तपकिरी पाणी, आणि असा आवाज की स्वतःचं बोलणं ऐकू येऊ नये. मग वाळुंजाची झुडपं दिसली. सकाळी त्यांच्याभोवती अंगणाएवढी वाळू असते. आता पाणी झुडपांच्या बुंध्यात शिरलं होतं. आणि झुडपांत निळी कापडी टोपी.

"कुबात!"

त्याने हात वर केला. मला रडू फुटलं, आणि लगेच थांबलं. कारण तो हात हलवून मला मागे जा म्हणत होता. दोन्ही बाजूंनी नदी. पलीकडचा फाटा तर इकडच्याहून खोल. आमच्या गावातल्या कोणालाच पोहता येत नाही. या पाण्यात पोहून करायचंय काय? बर्फाचं पाणी, चार हात मारेपर्यंत अंग लाकूड होतं.

मी घोडी पाण्यात घातली. ती दोन पावलं गेली, पाणी रिकिबीला लागलं, मागून शिंगरू किंचाळलं आणि ती गर्रकन वळली. मी पुन्हा घातली. पुन्हा वळली. मी तिला मारलं. बिचारीला आयुष्यात पहिल्यांदा मी तोंडावर मारलं.

तेवढ्यात पेरिझात धापा टाकत आली आणि तिने लगामच धरला. "नका अपा! तुम्ही पण जाल. नका!" तिची पकड अशी होती की मला लगाम सोडवून घेता आला नाही.

"मग काय करू? बघत बसू?"

"ट्रक," ती म्हणाली. "शेरगाझीकाकांचा ट्रक पुलापाशी आहे. मी येताना बघितला."

अक्कल माझ्याकडे असायला हवी होती, पण तेव्हा ती तिच्याकडे होती. मी घोडी पिटाळली.

शेरगाझी गळवाल्यांबरोबर मटणाचं हाड चोखत बसला होता. मला बघून म्हणाला, "या वहिनी, तुमच्या वाटणीचं—" आणि माझा चेहरा बघून हाड टाकून उठला. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्याने ट्रक सुरू केला आणि बेटासमोर आणून उभा केला. मला वाटलं आता घालेल पाण्यात. तर हा खाली उतरून नळी उलगडायला लागला.

"काय करतोयस?"

"टाकी भरतो."

"टाकी भरतो? माझं पोर तिकडे—"

"वहिनी, अर्धी टाकी रिकामी आहे. हलका ट्रक ही नदी उचलून नेईल, मग तुमचं पोर आणि मी दोघंही गेलो. पोटभर पाणी प्यायला की जड होऊन बसेल तळाला. भरू दे."

"मग भर ना लवकर!"

"पंप आहे तो, माझं ऐकत नाही." मग टाकीत डोकावून तो पुटपुटला, "आत मासे आहेत अजून. वरच्या भागात सोडायचे होते. या गढूळ पाण्याने मरतील बहुतेक."

"मरू देत तुझे मासे!"

"मी कुठे नाही म्हटलं?" तो म्हणाला आणि पंप सुरू केला.

तो पंप कसला, खोकणारा म्हातारा. चार गुरगुर करायचा आणि थांबायचा, शेरगाझी लाथ घालायचा, पुन्हा सुरू. मी नदीकडे बघत होते. कुबातच्या पायाशी एक पांढरा धोंडा होता, त्याच्यावर माझी नजर. धोंडा दिसतोय तोवर ठीक आहे, असं मी मनाशी धरलं. मग एक लाट आली आणि धोंडा दिसेना. कुबात झुडपांत अजून आत सरकला आणि त्याने कमरेचा पट्टा काढून स्वतःला बुंध्याला बांधायला घेतलं. पट्टा बांधणारा माणूस आशा धरून असतो की सोडून देतो, मला कळेना.

"अपा," पेरिझात बाजूला येऊन उभी राहिली. ओठ पांढरे. "अपा, मला मासा नको होता."

"काय?"

"मला मासा आवडत नाही. वाससुद्धा सहन होत नाही."

मला वाटलं ही भ्रमात बोलतेय. "मग मागितलास कशाला?"

"नदीत मासा नाही म्हणून. नसलेली वस्तू मागितली की ती मिळणार नाही. मिळाली नाही की हे जाणार नाहीत." तिने एका दमात सांगितलं आणि तोंडावर हात ठेवला. मग बोटांमधून म्हणाली, "मागच्या वेळी हे फोनमध्ये होते, अपा. मला पुन्हा तसं नको."

पंप खोकत होता. खरं सांगते, पहिल्यांदा संताप आला. हात उगारला मी. "कैदाशिणी! तोंड नव्हतं तुला? सरळ सांगता आलं नसतं?"

"कुणाला?" ती म्हणाली. "तुम्हाला?"

उगारलेला हात मी खाली घेतला. घरात बोलायला नवऱ्याचा फोन आणि मी, एवढीच माणसं. आणि मी कोण, तर त्याची पिशवी भरत बसलेली बाई. मासे सोड म्हणून फोन करणारी मी, पहाटे त्याला उठवणारी मी, शिंगरू बांधणारी मी. ती एक खोटं बोलली, त्याला मीच पाय लावून नदीपर्यंत आणलं होतं. तिला काय बोलणार? मी तिचा हात धरला. बर्फासारखा होता. माझाही तसाच होता म्हणा.

"भरली!" शेरगाझी ओरडला.

ट्रक पाण्यात उतरला. बोनेटपर्यंत पाणी आलं, मग दिवे बुडाले. मध्यावर पोचल्यावर मागची बाजू खालच्या अंगाला सरकली, हातभर, अजून हातभर, आणि काठावरचे शहरवाले सगळे एकदम "अरे अरे अरे" म्हणाले. मी डोळे मिटले. पेरिझातची नखं माझ्या मनगटात रुतली. मग इंजिनचा आवाज वाढला. डोळे उघडले तेव्हा ट्रक तिरका होऊन झुडपांना चिकटला होता आणि शेरगाझी खिडकीतून अर्धा बाहेर येऊन आईमाईवरून शिव्या घालत होता. त्या शिव्यांइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही.

पण कुबात हलेना. पट्ट्याची गाठ ओली होऊन आवळली होती, बोटं बधिर झालेली. त्याने दातांनी ओढलं. नाही सुटली. शेरगाझीने सुरी फेकली, ती पाण्यात गेली. त्याने दुसरी काढली, हाडं कापायची मोठी, आणि ती काठीला बांधून पुढे केली. एवढं करेपर्यंत पाणी कुबातच्या मांड्यांपर्यंत आलं होतं. पट्टा तुटला, तो टाकीच्या शिडीला लोंबकळला आणि वर चढून टाकीला मिठी मारून पडला.

काठावर चाकं लागल्यावर मी आधी त्याला मिठी मारली आणि मग थोबाडीत दिली. एकच, पण सणसणीत. मग पुन्हा मिठी मारली. कोणीतरी शहरवाल्याने त्याच्या अंगावर आपला जाड कोट टाकला. पेरिझात दोन पावलांवर उभी होती. आमच्याकडे सगळ्यांसमोर नवऱ्याला बायको मिठी मारत नाही. ती नुसती त्याच्या भिजलेल्या बाहीचं टोक धरून उभी राहिली, आणि त्यानेही ते सोडवून घेतलं नाही.

"मासा?" शेरगाझीने विचारलं. समोर पोराचे दात कडकड वाजत असतानाही त्याला मस्करी सुचते. "एवढा जीव पणाला लावला, तो मासा कुठेय बाबा?"

"लागलाच नाही," कुबात म्हणाला.

"लागला नाही? दोन दिवस उपाशी ठेवून सोडलेत मी ते! नुसतं बोट बुडवलं तरी चावतात. इथे हे शहरातले साहेब बघ, यांना गळाला गाठ मारता येत नाही, पण यांच्याकडे बादली भरून आहेत!"

"नाही लागला," कुबात पुन्हा म्हणाला आणि पायांकडे बघायला लागला.

मी त्याचे हात चोळत होते, ऊब यावी म्हणून. हात नुसते बुळबुळीत. मी नाकाशी नेले. माशाचा वास, मनगटापर्यंत. खांद्यावरची पिशवी बघितली, आतून अगदी स्वच्छ. गळाला लावायला मक्याच्या दाण्यांचा डबा मी सकाळी काठोकाठ भरून दिला होता, त्यात एक दाणा उरला नव्हता.

मग मला सगळं समजलं. माझा मुलगा पहाटेपासून त्या बेटावर मासे धरत होता आणि सोडत होता. एक धरला की घरी यावं लागणार, घरी आला की गुरुवार. म्हणून धरायचा आणि सोडायचा, आणि पुन्हा गळ टाकत विचार करायचा, की नाही कसं म्हणायचं, आईला कसं सांगायचं. घोडी सुटून गेली, पाणी चढलं, तरी त्याचं लक्ष नव्हतं. अरे, दोघंही एका घरात राहता, एका अंथरुणात झोपता, आणि एकमेकांनाही बोलला नाहीत? मला इतके घाबरता? मी एवढी वाईट आहे का रे?

हे सगळं मनात. आणि नेमका तोच मुहूर्त साधून शेरगाझीने घोळ घातला.

"थांबा! वहिनी, रडू नका. तुमची रीत मला ठाऊक आहे, नवऱ्यानेच धरायचा, बरोबर?" तो टाकीवर चढला, जाळी घातली आणि एक तडफडता मासा काढून बादलीत टाकला. बादली आणून कुबातच्या पायाशी ठेवली. "घाल हात, धर. नदीत तरी मीच सोडलेत ना? मग नदी काय आणि बादली काय! धर, दे बायकोला, आणि खुशाल जा गुरुवारी."

शहरवाले हसले. कोणी म्हणालं, "धर रे, धर!" मासा बादलीत गोल गोल फिरत होता. चांगला मोठा, दीड वीत.

कुबातने माझ्याकडे बघितलं. पेरिझातने बादलीकडे. मी म्हटलं असतं "धर", तर त्याने धरला असता. तिने खाल्लाही असता, नाक दाबून, माझ्यासमोर बसून, शेवटच्या काट्यापर्यंत. दोघांनाही मी तसंच वळण लावलं होतं. कुबातचा हात हळूहळू बादलीकडे गेला. बोटं अजून निळी होती.

मी बादली लाथेने उलटी केली.

मासा दगडांवरून उडत नदीत गेला. शेरगाझी बादलीकडे धावला. "वहिनी! अहो, काय हे!"

"बादलीतला मासा चालत नाही," मी म्हटलं.

"कुठे लिहिलंय असं?"

"मी सांगतेय ना! आणि माझ्या घरचं माणूस आता या नदीत पाय घालणार नाही. पाणी उतरेपर्यंत नाही."

"हे रोज दुपारी चढणारं पाणी आता उतरणार ते थंडी पडल्यावर," शेरगाझी म्हणाला. "मग गुरुवार?"

"गुरुवारी दुसरा कोणी जाईल. गाडी काय माझ्या मुलासाठी सोडलीय?"

शेरगाझीने माझ्याकडे बघितलं, मग त्या दोघांकडे. मूर्ख नाही तो. टोपी मागे सारून म्हणाला, "बरं झालं. गाढवाला गळ टाकता येत नाही तेच चांगलं," आणि ट्रककडे गेला.

पेरिझात रडायला लागली. आवाज न करता रडायची सवय आहे तिला, पण या वेळी आवाज झाला. लोकांसमोर, मोठ्याने. मी तिला गप्प केलं नाही. कुबात काहीतरी बोलायला गेला, "अपा, मी..." म्हणाला आणि पुढे त्याला जमेना.

"जाऊ नकोस," मी म्हटलं. "मलाही नकोच होतं. चला घरी, न्याहारीपासून चुलीवरचं पाणी आटलं असेल."

घरी आल्यावर त्या दोघांना चुलीपाशी बसवलं, गरम चहा दिला आणि मुकादमाला फोन मीच लावला. सांगितलं, कुबात येत नाही, सुनेचे डोहाळे पुरे झालेले नाहीत.

"होऊ द्या ना मावशी," तो म्हणाला. "एक आठवडा उशीर चालेल. कधी होतील?"

"मूल चालायला लागलं की," मी म्हटलं.

"अहो, डोहाळे इतके दिवस असतात का?"

"तुला रे काय कळतंय त्यातलं," मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला.